नियंत्रित प्रत

बत्तीस वर्षं मी कागदांवर शिक्के मारले. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी डॉक्युमेंट कंट्रोल सांभाळायचो. म्हणजे एखाद्या ड्रॉइंगच्या किती प्रती निघाल्या, त्या कोणाकडे गेल्या आणि परत आल्या का, हे बघायचं. ज्या प्रतीवर माझा लाल शिक्का असेल ती नियंत्रित प्रत, तिच्यावरूनच माल बनवायचा. बिनशिक्क्याची प्रत कोणाच्या खिशात सापडली की मी ती त्याच्यासमोर फाडायचो, मग तो ऑपरेटर असो नाहीतर मॅनेजर. ड्रॉइंगमध्ये बदल झाला की नवं रेव्हिजन निघायचं. जुन्या सगळ्या प्रती गोळा करून मी श्रेडरमध्ये घालायचो आणि रजिस्टरात 'नष्ट' असं लिहून सही ठोकायचो. या कामाला डोकं लागत नाही असं लोक पाठीमागे म्हणायचे. खरं तर त्याला स्वभाव लागतो, आणि तो माझ्याकडे गरजेपेक्षा जास्तच होता.

माझं लग्न राहून गेलं. बहिणींची झाली, मग वडिलांचं आजारपण निघालं, आणि नंतर मुली बघायला जायची मलाच लाज वाटू लागली. निवृत्त झालो तेव्हा चिंचवडच्या दोन खोल्यांत मी आणि माझी रजिस्टरं एवढंच उरलो. पहिल्या महिन्यात मी सोसायटीच्या नोटीस बोर्डावरच्या जुन्या नोटिसा काढून टाकल्या आणि उरलेल्यांवर क्रमांक घातले. सेक्रेटरीने येऊन हात जोडले, तेव्हा ते थांबवलं.

मित्र म्हणावा असा एकच माणूस होता. टूलरूमचा फोरमन, मूळचा परभणीकडचा, राहायला कासारवाडीला. कंपनीची बस चिंचवडहून निघायची, त्यामुळे मी आधी चढायचो आणि त्याच्यासाठी शेजारची जागा धरून ठेवायचो. एकोणीस वर्षं मी बसमध्ये त्याला जगात काय काय चुकतंय ते सांगत गेलो आणि तो हसत गेला. त्याचं हसणं मोठं होतं. पुढच्या सीटवरचे लोक झोपमोड झाली म्हणून वळून बघायचे आणि मग स्वतःच हसायला लागायचे. मी निवृत्त झालो तेव्हा त्याची अजून तीन वर्षं नोकरी बाकी होती.

पॉडकास्टची कल्पना त्याचीच. मी रिकामा बसून त्याला दिवसातून चार वेळा फोन करायचो, त्यातून त्याला ती सुचली असावी. तो म्हणाला, तू बसमध्ये मला जे ऐकवायचास ते आता लोकांना ऐकव. मला कानावर हात ठेवता यायचे नाहीत, त्यांना निदान बंद करता येईल. मी आधी चिडलो आणि दुसऱ्या दिवशी जाऊन एक बरासा माइक घेऊन आलो.

आमच्या पट्ट्यात औद्योगिक सुट्टी गुरुवारची. त्यामुळे दर गुरुवारी सकाळी दहाला तो कासारवाडीहून स्कूटरवर यायचा. डायनिंग टेबलावर माइक, एका बाजूला मी, एका बाजूला तो. तो प्रश्न विचारायचा आणि मी उत्तर द्यायचो. ड्रॉइंग कसं वाचायचं, टॉलरन्स म्हणजे काय, व्हर्नियरवर हात किती हलका ठेवायचा, असले विषय. नव्याने लागलेल्या पोरांना हे कोणी धड शिकवत नाही, हे मला बत्तीस वर्षं दिसत होतं. तो मधेच फाटे फोडायचा. कुठल्याशा शिफ्टला कोणी ड्रिल उलटं लावलं होतं, गावाकडच्या लोहाराने विळ्याला धार कशी लावली, असं काहीही सांगायचा आणि स्वतःच हसायचा. माझं शेवटचं वाक्य झालं की मी उठून आत चहा ठेवायचो. रेकॉर्डिंग मात्र चालूच राहायचं, कारण कपबशा घेऊन परत आल्यावर आधी रजिस्टरात भागाचा क्रमांक, विषय आणि वेळ लिहायची आणि मगच मशीन बंद करायचं, हा माझा क्रम ठरलेला होता.

कापाकापी मला तेव्हा येत नव्हती. जे रेकॉर्ड व्हायचं ते जसंच्या तसं एमपीथ्री करून मी चढवून द्यायचो. कोणीही ऐकावं, कोणीही उतरवून घ्यावं. चढवण्याआधी मी प्रत्येक भाग तपासायचो, पण माझ्या शेवटच्या वाक्यापर्यंतच. माझं बोलणं संपलं की माझ्या लेखी भाग संपला. पुढे आठ-दहा मिनिटं कपांचा आवाज आणि पंख्याची घरघर असणार, ती कोण ऐकतंय?

महिनाभरात फोन यायला लागले. अनोळखी नंबर, बहुतेक पोरंच. कोणी कुरुळीहून, कोणी राजगुरुनगरहून, कोणी चालत्या बसमधून. काका, सहज केला होता, असं म्हणायचे आणि मग काहीतरी विचारायचे. मायक्रोमीटर शून्यावर कसा आणायचा, ड्रॉइंग फर्स्ट अँगलचं की थर्ड अँगलचं ते कसं ओळखायचं. मी अर्धा-अर्धा तास समजावून सांगायचो. मूर्ख प्रश्न असला तर झापायचोसुद्धा, आणि तरी ते पुन्हा करायचे. भागाच्या पानावर खाली माझा नंबर दिलेला होता, तो बघून करतात असं मी धरून चाललो. आठवड्याला चार-पाच फोन म्हणजे माझ्यासारख्याला घर भरल्यासारखं झालं. मोबाइल मी आंघोळीला जातानाही बाहेर स्टुलावर ठेवायचो. मित्राला मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो की बघ, ज्ञानाला किंमत आहे. तो विचारायचा, किती आले या आठवड्यात? मी आकडा सांगितला की मान डोलवायचा.

असे अकरा भाग झाले आणि मी एडिटिंग शिकलो. एकदा शिकल्यावर मला स्वस्थ बसवेना. लॅपटॉपच्या पडद्यावर आवाजाच्या रेघा दिसतात. माझं बोलणं सरळ, एका मापाचं. त्यात मधेमधे त्याच्या हसण्याचे डोंगर उभे. मी ते डोंगर एकेक करून उडवले. ड्रिलचा किस्सा गेला, लोहार गेला, त्याचं 'अरे हां, त्यावरून आठवलं' तर प्रत्येक ठिकाणी गेलं. शेवटी माझ्या वाक्यानंतर ती बारीक, सपाट रेघ होती, ती न ऐकताच एका झटक्यात छाटली. पन्नास मिनिटांचा भाग एकवीस मिनिटांत नीटनेटका बसला. सुरुवातीला मी माझ्या आवाजात एक वाक्य जोडलं: ही नियंत्रित प्रत आहे, हिची नक्कल करू नये. फाइलच्या नावात रेव्हिजन एक असं घातलं आणि अकराच्या अकरा भाग नव्याने चढवले.

आणि जुने? जुन्यांचं मी तेच केलं जे बत्तीस वर्षं केलं होतं. साइटवरचे काढले. लॅपटॉपवरच्या मूळ वेव्ह फाइली, ज्यांत आवाज कणभरही कमी न होता जसाच्या तसा असतो, त्या पुसल्या. कचऱ्याच्या टोपलीतूनही पुसल्या. रेकॉर्डरच्या कार्डावर त्याच जागी दुसरं काहीतरी भरून ठेवलं, म्हणजे परत निघायलाच नकोत. रजिस्टरात अकरा वेळा 'नष्ट' लिहिलं आणि खाली सही केली. जुनी प्रत बाजारात राहिली की घोळ होतो, हे माझ्या अंगात इतकं मुरलेलं की हात एकदाही थबकला नाही. शहाण्या माणसाने मूळ फाइल जपून ठेवली असती. ही चूक करायला डॉक्युमेंट कंट्रोलचाच माणूस लागतो.

पुढच्या गुरुवारी तो आला तेव्हा त्याने बसमध्ये नवे भाग ऐकलेले होते. हसणं कापल्याबद्दल तो काहीच बोलला नाही. म्हणाला, शेवटचं का कापलंस? मी म्हणालो, रिकामं होतं.

"ऐकलंस का तू ते?"

मी न ऐकता काही नापास करत नाही, अशी माझी कंपनीभर ख्याती होती. आता कबूल कसं करणार? "ऐकलं," मी म्हणालो. "ऐकूनच कापलं. रिकामं आहे."

"बरं मग," तो म्हणाला.

त्या दिवशीचं रेकॉर्डिंग फार व्यवस्थित झालं. त्याने विषय सोडून एक शब्द काढला नाही. मला वाटलं, आला वळणावर. पुढचे दोन गुरुवार तो आला, तिसऱ्याला घरी काम निघालं म्हणाला, चौथ्याला फोनच आला नाही. मी केला आणि नेहमीच्या सुरात सुनावलं की तुला शिस्त म्हणून नाही. तो म्हणाला, राव, मला नाही जमत हे, तू एकटाच कर, छान करतोस. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला आणखी राग आला. पुढचे आठ महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. एकोणीस वर्षांची सवय आणि आठ महिने. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, त्यातला मी.

फोनही आटले. आठवड्याला चार-पाचाचे दोन झाले, मग एखादा, मग तोही नाही. मी कारण शोधायला लागलो, आणि ते मला चाकणला सापडलं. पेन्शनच्या एका कागदासाठी कंपनीत गेलो होतो, येताना चौकात वडापाव खायला थांबलो. शेजारच्या बाकावर एक कामगार साध्या बटणांच्या फोनवर काहीतरी ऐकत होता, आणि तो आवाज माझा होता. कंपन्यांत कॅमेऱ्याचा फोन आत नेऊ देत नाहीत, म्हणून पुष्कळ जण असा बिनकॅमेऱ्याचा फोन बाळगतात. त्यात मेमरी कार्ड असतं आणि कार्ड भरून मिळतं मोबाइलच्या दुकानात. भजनं, लावण्या, आणि त्यांच्यामध्ये मी. कुठून भरलं विचारलं तर म्हणाला, कुरुळीतून.

मी तसाच कुरुळीला गेलो. दुकानदार तिथलाच, पस्तिशीचा, काउंटरमागे बसून फोनची काच बदलत होता. त्याच्या काँप्युटरवर माझे अकराही भाग होते, कापाकापीच्या आधीचे. कार्डात जास्त मावावं म्हणून त्याने ते आणखी दाबून लहान केलेले. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. मी चोरी, कायदा, पोलीस सगळं काढलं. गिऱ्हाइकं बघत उभी राहिली. तो हळूच म्हणाला की साहेब, पोरं मागत्यात म्हणून देतो, त्याचं वेगळं काही घेत नाही. मी त्याला माझ्यासमोर सगळे भाग पुसायला लावले आणि टोपली रिकामी केल्याशिवाय हललो नाही.

घरी येताना मी हिशोब जुळवला. कार्डात फक्त आवाज जातो, पानावर लिहिलेला नंबर जात नाही. नकला वाढल्या म्हणून फोन थांबले. तेव्हा नकलाच बंद केल्या पाहिजेत. मग मी भाग दुसऱ्या एका अॅपवर हलवले, जिथे फाइलला कुलूप घालायची सोय होती. फाइल उतरवली तरी ती त्या अॅपबाहेर उघडत नाही, एका खात्याची दुसऱ्या फोनवर चालत नाही, कोणाला पाठवली तर समोर नुसती राखाडी पाटी येते. मला हे फार आवडलं. लाल शिक्क्यापेक्षा पक्कं काम. ऐकणारे शेकड्यावरून पाचावर आले आणि त्यातला एक मीच होतो, तरी मी म्हणत राहिलो की आता जे आहेत ते खरे आहेत.

त्या काळात असे दिवस जायचे की संध्याकाळी दूधवाल्याशी बोलायला तोंड उघडलं की आवाज घोगरा निघायचा. दिवसभर वापरलेलाच नसायचा. मी एकटा बसून भाग रेकॉर्ड करायचो, प्रश्नही मीच विचारायचो. एकदा चहाचे दोन कप घेऊन बाहेर आलो आणि दोन्ही प्यालो.

तो गेल्याचं मला कंपनीतल्या एकाने कळवलं. सकाळी शिफ्टला निघायच्या आधी, बूट घालताना. निवृत्तीला पाच महिने राहिले होते. मी कासारवाडीला गेलो, लोकांच्या मागे उभा राहिलो आणि परत आलो. वहिनींच्या समोर जायची हिंमत झाली नाही. दिवसकार्यालाही तसाच गेलो आणि तसाच आलो.

पुढे महिन्याभराने त्यांचाच फोन आला. भावजी, एक काम होतं, घरी याल का? मी गेलो. मुलगी सासरी परत गेली होती, त्या एकट्याच होत्या. पाणी देऊन समोर बसल्या आणि म्हणाल्या, यांचा आवाज कुठंच नाही. फोटो ढीगभर आहेत, लग्नांच्या व्हिडिओत नुसते उभे दिसतात, वरून बँड वाजतोय. तुमच्याकडे ते बोलायचे ना दर गुरुवारी, तेवढं माझ्या फोनमध्ये घालून द्या.

एवढं साधं काम. मी माझ्या फोनवरून त्यांच्या फोनवर पहिला भाग पाठवला. त्यांनी दाबलं, तर राखाडी पाटी आली: या उपकरणावर ही फाइल उघडण्याची परवानगी नाही. त्यांनी ती मला वाचून दाखवली, हळूहळू, एकेक शब्द, आणि म्हणाल्या, कुणाची परवानगी काढायची? मी त्यांचा फोन बाजूला ठेवला. मग माझ्या फोनवर लावून दिलं.

त्या पदर हनुवटीशी धरून ऐकत बसल्या. नियंत्रित प्रत आहे, नक्कल करू नये. मग त्याचा प्रश्न, माझं लांबलचक उत्तर, त्याचा प्रश्न. दहाएक मिनिटांनी त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला.

"हे यांच्यासारखं नाही वाटत," त्या म्हणाल्या. "हे तर इंटरव्ह्यू द्यायला बसल्यासारखे बोलायलेत. हसत नाहीत कुठंच."

मी म्हणालो, दुसरं शोधतो. कुठे शोधणार होतो, देव जाणे.

लॅपटॉप घेऊन मी दोन दुकानं फिरलो. दोघांनीही सांगितलं, काका, फार नीट पुसलंय, काही निघायचं नाही. मग उरली ती कुरुळी. ज्या माणसाला चार लोकांत चोर म्हणालो, त्याच्याच काउंटरसमोर जाऊन उभा राहिलो. त्याने मला ओळखलं, हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मी सगळं सांगितलं. मित्र गेला हे सांगताना मला वाटलं होतं त्याहून जास्त त्रास झाला.

"तुमीच पुसायला लावलं की," तो म्हणाला.

मी मान हलवली आणि निघायला वळलो, तर त्याने थांबा म्हटलं. खिशातून स्वतःचा बटणांचा फोन काढला. काँप्युटरवरचं तुमच्या म्होरं पुसलं, म्हणाला, पर ह्यातलं कशाला सांगू? गोठ्यात धार काढताना ऐकतो. त्याने कार्ड काढून रीडरमध्ये घातलं, अकराही फाइली माझ्या पेन ड्राइव्हवर उतरवून दिल्या. वर म्हणाला की मीही तुम्हाला एकदा फोन केला होता, आट्याचा गेज कसा बघायचा ते विचारायला, आणि तुम्ही मला लई झापलं होतं. मोबाइलच्या दुकानदाराला आटे तपासायचे गेज कशाला लागतात, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. पेन ड्राइव्ह मुठीत धरून मी निघालो, तेव्हा त्याने मागून सांगितलं, शेवटचं कापू नका ह्या टायमाला.

मला वाटलं, तो हसण्याबद्दल बोलतोय.

घरी मी फक्त पहिली दोन मिनिटं लावून बघितली, चालतंय याची खात्री करायला. पुढे ऐकवेना. त्याचं हसणं सुरू झालं आणि मी बंद केलं. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. दहा वाजता मी कासारवाडीला पोचलो. वहिनींच्या फोनमध्ये भाग घालून दिले, साधे एमपीथ्री, कुठल्याही फोनवर चालणारे. पहिलाच भाग त्यांनी लावला. दोनदा दाबून बारीक केलेला आवाज, स फुटतोय, पंखा माझ्यापेक्षा मोठा ऐकू येतोय. पण तो होता. ड्रिलचा किस्सा आला आणि तो हसला, आणि वहिनी हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मीही रडलो, ते लपवायचं काही कारण नाही.

मग माझं शेवटचं वाक्य आलं. सवयीने मी हात पुढे केला आणि म्हणालो, इथं संपलं. वहिनी म्हणाल्या, अजून नऊ मिनिटं दाखवायलंय की.

खुर्ची सरकल्याचा आवाज, माझी पावलं दूर गेली. आणि तो माइकच्या अगदी जवळ येऊन, दबक्या आवाजात बोलायला लागला. तो भाग आता मी कुलूप न घालता जसाच्या तसा ठेवला आहे, कोणीही उतरवून घ्यावा. तो बोलला ते असं:

"हां, गेला चहा ठेवायला. आता माझं ऐका. हा माणूस एकटा राहतो. गुरुवारी मी येतो, बाकीचे दिवस ह्याच्या तोंडून शब्द निघत नसंल. तर तुम्ही जरा फोन करत जा ह्याला. नंबर सांगायलोय, लिहून घ्या." मग माझा नंबर, सावकाश, दोन वेळा. "काहीतरी विचारा. व्हर्नियरचं विचारा, ड्रॉइंगचं विचारा. येत असलं तरी विचारा. झापलं तर झापू द्या, तेवढंच बोलणं होतं. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नका, नाहीतर हा मला चहा देणार नाही."

लांबून माझा आवाज आला, साखर बघ रे, कमी वाटतीये का. तो मोठ्याने म्हणाला, चांगला झालाय की, अजून पिलो कुठंय, आणि हसला.

ती पोरं, ते सहज केलेले फोन, मायक्रोमीटरचं शून्य. त्यांना सगळं येत होतं. कुरुळीच्या दुकानदाराला आट्याच्या गेजशी काही घेणं नव्हतं. प्रत्येक भागाच्या शेवटी तो हे करत असणार, आणि मी ज्याला ज्ञानाची किंमत समजून मिरवत होतो ती त्याची दर गुरुवारची रदबदली होती. ती मी माझ्या हाताने कापली, वर फोन का थांबले म्हणून लोकांना चोर ठरवलं. हे मला आधी कळलं असतं तर मी त्या फोनांपैकी एकही उचलला नसता, हेही तितकंच खरं.

वहिनींना यातलं काही नवीन नव्हतं. त्या म्हणाल्या, घरी आले की सांगायचे, आज राव लई खुशीत होता, पाच फोन आले त्याला. मग एकदा तोंड पाडून आले. म्हणाले, त्याला कळलं सगळं. ऐकून कापलं त्यानं. मी बोललो ते ऐकून रिकामं म्हणाला. आता मी कोणत्या तोंडानं जाऊ त्याच्याकडं? आठ महिने तेच धरून बसले, भावजी. चौकशीचा फोन करावा वाटायचा, हातात घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. तुम्हाला दुखवलं म्हणायचे.

फोनमध्ये कपबशा टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला आणि भाग संपला.

"वहिनी," मी म्हणालो, "मी ते ऐकलंच नव्हतं. न ऐकता कापलं. ऐकलं म्हणून त्याला खोटं सांगितलं."

त्यांनी फोन उचलून हातात घेतला. मग पदराने फोनची काच पुसत म्हणाल्या, "एवढंच सांगायचं होतं ना भावजी त्यांना. लगेच आले असते हो ते."